पीत होता, म्हणून अपात्र

वाशीम जिल्ह्यात एखाद्या शेतकऱ्याने जीव दिला की त्याच्यामागे कागद धावू लागतात. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, तलाठ्याकडचा सातबारा, बँकेचा नाहीतर सोसायटीचा थकबाकीचा दाखला, पीक किती झाले याचा अहवाल. ही चळत तहसीलमधून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाते आणि तिथे मेलेल्या माणसाचा निकाल लागतो: पात्र किंवा अपात्र. जमीन त्याच्या किंवा कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, ते थकलेले हवे, वर वसुलीचा तगादा हवा. हे सगळे जुळले तर घरी १ लाख रुपये येतात, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. रक्कम २००६ च्या शासन निर्णयातली आहे. सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी तेव्हा काय भावाने होती आणि आज काय आहे, हे रिसोड-मालेगावच्या कोणत्याही कृषी केंद्रात विचारून पाहावे. मेलेल्या माणसाचा भाव तेवढा वाढलेला नाही.

या चळतीत कधी कधी एक वाक्य असे येते की मग बाकीचे कागद वाचायची कुणाला गरज वाटत नाही. शेजारी, चुलतभाऊ, कधी खुद्द बायको जबाबात सांगून जाते, ‘दारू प्यायचे.’ सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसते. विचारले म्हणून सांगितले. लिहिणारा त्याचे ‘मयत हा दारूच्या आहारी गेलेला होता’ असे करतो, आणि दोन हंगाम हातचे गेल्याचे पुरावे समोर असूनही मरणाचे कारण सापडते. अमरावती विभागात २००१ पासून या मृत्यूंची नोंद ठेवली जाते. तिच्यातला अपात्रांचा रकाना पात्रांच्या रकान्याशी बरोबरी करत आला आहे. त्यातले सगळेच दारूपायी अपात्र ठरलेले नाहीत, हे खरे. कुणाच्या नावावर जमीन नव्हती, कुणाचे कर्ज नातेवाइकाकडून उसने घेतलेले होते. पण व्यसन, घरगुती वाद आणि आजारपण ही तीन कारणे फाईल मिटवायला फार कामाला येतात. तिन्ही एकाच घरात, एकाच माणसाच्या मनात, एकाच वेळी का जमा झाली, हा प्रश्न मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आता दुसरा कागद पाहा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली संमत झाला, २०१८ पासून लागू आहे. त्याचे ११५ वे कलम म्हणते की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरून चालावे, त्याला शिक्षा करू नये, त्याची काळजी आणि उपचार हे सरकारचे काम आहे. कायदा चांगला आहे. पण तो आणि समितीचा निकाल शेजारी ठेवून वाचले तर काय दिसते? माणूस वाचला तर ताण गृहीत धरायचा, आणि मेला तर दारू. तीच व्यक्ती, तोच दिवस, तेच कर्ज. सरकारी दवाखान्यात वेळेवर पोहोचली तर रुग्ण, आणि वाटेत गेली तर बेवडा.

दोष एकट्या तलाठी-तहसीलदारांवर टाकून मोकळे होण्याचा मोह मला नाही. त्यांनी लिहिले ते गावाने आधीच तोंडी लिहून ठेवलेले असते. तेरवीच्या पंगतीत वाढता वाढता कुणीतरी म्हणतो, ‘पिऊन पिऊन गेला बिचारा.’ त्या एका बोलण्यात सगळ्यांची सुटका होते. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झालेला असताना विदर्भातल्या बाजारांत तो चार हजारांच्या आसपास विकला जात होता. तो बाजार सुटतो. धुऱ्याच्या वादात दहा वर्षे कोर्टात खेचणारा भाऊबंद सुटतो. पोरीच्या लग्नात ‘आमच्या मानपानाचं पाहा’ म्हणणारे सोयरे सुटतात. अशक्तपणा आहे म्हणून तीनदा सलाइन लावणारा आणि एकदाही ‘झोप येते का रे?’ असे न विचारणारा डॉक्टर सुटतो. आणि पुण्या-मुंबईत बसून ‘शेतकरी दारूत उडवतात आणि मग जीव देतात’ असे ठणकावून सांगणारे आपले शिकलेले भाऊ तर आधीपासूनच सुटलेले असतात. त्यांच्या घरी शनिवारी संध्याकाळी जे होते त्याला ते ‘रिलॅक्स होणे’ म्हणतात.

दारू आणि नैराश्य यांचे नाते खरोखर काय आहे, हे कळून घ्यायची तसदी आपण घेतली असती तर असे बोललो नसतो. दारू मेंदूला मंद करते. पहिल्या तासात काळजी सैल पडते, जीभ सुटते, माणसाला वाटते की ओझे उतरले. पण रात्रीचा उत्तरार्ध ती बिघडवते. दोन-अडीचला डोळा उघडतो तो मिटत नाही, आणि त्या वेळी अंधारात थकबाकीचा आकडा दुपारपेक्षा मोठा दिसतो. दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली गेलेले असते, हात थरथरतात, शेतात जायला जीव होत नाही, आणि ते थरथरणे थांबवायला पुन्हा तीच बाटली. नैराश्य माणसाला दारूकडे ढकलते आणि दारू त्याला नैराश्याकडे. दोन्ही दिशांनी वाहतूक चालू असते. मनोविकारतज्ज्ञ सांगतात की पुष्कळ जणांत दारू थांबली की तीन-चार आठवड्यांत उदासी बरीचशी ओसरते. काहींत ती ओसरत नाही. दारू येण्याआधीच ती तिथे ठाण मांडून होती, तिला वेगळा उपचार हवा. कोण कोणत्या प्रकारचा हे कळायला त्या माणसाजवळ चार आठवडे कुणीतरी थांबावे लागते. आपल्याकडे त्याला चार मिनिटे कुणी देत नाही. बरे, तो स्वतः ‘मला नैराश्य आले आहे’ असे काही म्हणत नाही. तो म्हणतो, ‘मले गमत नाही.’ त्यावर आपले ठरलेले उत्तर आहे: कामाला लाग, सगळं गमते.

बिडी-तंबाखूच्या बाबतीत तर आपण मनाचा विचारच करत नाही. कर्करोगाचे चित्र पुडीवर छापले की आपले कर्तव्य संपले. पण बिडी ओढणारा किंवा खर्रा चघळणारा माणूस विचारल्यावर काय सांगतो? ‘टेंशन कमी होते.’ तो खोटे बोलत नाही, त्याला तसे वाटतेच. निकोटिनचे रक्तातले प्रमाण दोनेक तासांत निम्म्यावर येते, तसा जीव कासावीस होऊ लागतो, चिडचिड होते. पुढची बिडी ती कासाविशी घालवते. जी अस्वस्थता बिडीनेच आणली ती बिडीनेच गेली, आणि श्रेय मात्र बिडीला मिळाले की तिने संसाराचे टेंशन घालवले. आग लावणाऱ्यानेच बादलीभर पाणी टाकावे आणि गावाने त्याचा सत्कार करावा, तसला हा प्रकार आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१४ साली २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडलेल्यांत नैराश्य, चिंता आणि ताण हे न सोडलेल्यांपेक्षा कमी झाले होते, आणि हा फरक नैराश्यावरच्या औषधांनी पडतो त्याच्या तोडीचा होता. आधीपासून मानसिक आजार असलेल्यांतही तेच दिसले. तरी आपल्याकडे घरातलेच म्हणतात, ‘आधीच टेंशनमध्ये आहे, निदान बिडी तरी ओढू द्या त्याले.’

आपल्या भागात धूर कमी आणि चघळणे जास्त. २०१६-१७ च्या तंबाखूविषयक राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शंभरात चारच्या आत होते, तर तोंडात तंबाखू ठेवणारे चोवीसहून अधिक. निकोटिन फुप्फुसातून गेले काय आणि गालातून गेले काय, मेंदूतल्या त्याच जागी जाऊन बसते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. वाशीमच्या बसस्थानकापासून मानोऱ्याच्या शेवटच्या तांड्यापर्यंत एखादी टपरी या बंदीमुळे उपाशी राहिली असेल तर मला दाखवावी.

दारूची गोष्ट निघाली की मराठी माणसाला राम गणेश गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ आठवतो. १९१९ साली, गडकरी गेल्यावर महिन्याभरात, गंधर्व नाटक मंडळीने तो रंगभूमीवर आणला. तेव्हापासून शंभर वर्षे आपण त्यातून एकच धडा काढतो आहोत: पहिला प्याला घेऊ नका. पण नाटक जरा नीट आठवा. सुधाकर हुशार, मानी, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला वकील. भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळासाठी काढून घेतली जाते, चारचौघांत मान खाली जाते. त्या अपमानाने तो आतून पोळत असताना तळीराम पुढे होतो आणि विसर पडावा म्हणून प्याला धरतो. म्हणजे प्याल्याच्या आधी अपमान आहे, रिकामे पडलेले हात आहेत, रात्री न येणारी झोप आहे. गडकऱ्यांनी हे सगळे लिहून ठेवले. आपण प्याला तेवढा उचलला. सनद गेलेला सुधाकर आणि सातबाऱ्यावर बोजा चढलेला, पीककर्जाच्या यादीत नाव थकबाकीदार म्हणून लागलेला शेतकरी यांच्या मनःस्थितीत काय अंतर आहे? सुधाकरासाठी आपण तिकीट काढून रडलो. शेतकऱ्यासाठी ‘अपात्र’ लिहिले.

त्याच नाटकातली सिंधू आपण देव्हाऱ्यात नेऊन बसवली. ती दळण दळते, मार खाते, नवऱ्याविरुद्ध चकार शब्द काढत नाही, आणि प्रेक्षक धन्य होतो. सिंधूच्या मनाचे काय झाले असेल, हे शंभर वर्षांत कुणाला विचारावेसे वाटले नाही. आज ती कारंज्याच्या किंवा मंगरूळपीरच्या शिवारात निंदायला जाते. पहाटे पाणी, मग भाकरी, मग मजुरी, मग पुन्हा चूल. भूक मारायला आणि दाढेची कळ दाबायला गालात चिमूटभर तंबाखू. तंबाखूच्या त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या सतरा बायका तंबाखू घेणाऱ्या निघाल्या होत्या. ती दारू पीत नाही, रस्त्यावर पडत नाही, गावात बोभाटा करत नाही. म्हणून ती आजारी आहे हे कुणाला दिसत नाही. जगभरात नैराश्य बायकांमध्ये पुरुषांच्या सुमारे दीडपट आढळते. ती उपकेंद्रात येते ती कंबरदुखी, डोकेदुखी, हातापायांच्या मुंग्या घेऊन, आणि लोहाच्या गोळ्या घेऊन परत जाते. नवरा गेल्यावर वारसाची नोंद तिने करून आणायची, सोसायटीचे देणे तिने फेडायचे, मुलांची फी तिने भरायची. वर सासरचे म्हणणार, ‘हिच्या कटकटीपायीच तो प्यायला लागला.’ समिती अपात्र ठरवते तेव्हा शिक्षा मेलेल्याला होत नसते. ती हिला होते. नवऱ्याच्या पिण्याची शिक्षा बायकोला देणारे हे शासन महिला धोरणावर पुस्तिका छापते, हे वाचून हसावे की काय करावे कळत नाही.

या सगळ्या व्यवहारात सर्वांत मोठा भागीदार कोण, हेही बोलून घेऊ. राज्यात दारूचा कारभार चालतो तो १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली. नाव बंदीचे आणि काम परवाने देण्याचे. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले आणि त्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असा हिशेब सांगितला. शिवाय धान्यापासून राज्यातच बनणाऱ्या स्वस्त मद्याचा एक नवा प्रकार काढला. दर वाढवल्याने पिणे थोडे कमी होते, हे जगभर दिसून आले आहे आणि तेवढ्यापुरते ते योग्यच आहे. पण ज्या सरकारचा अर्थसंकल्प बाटलीच्या भरवशावर पाय टाकतो, त्याने पिणाऱ्याच्या विधवेला नैतिकता शिकवावी? याच राज्याने २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आणले होते. गडचिरोलीत दारूबंदीसाठी झगडलेल्या डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्यावर रान उठवले. शेतकऱ्याच्या ज्वारीला भाव मिळावा म्हणून ती दारूच्या कारखान्यात घालायची, आणि मग ती दारू त्याच शेतकऱ्याला विकायची. या कल्पकतेपुढे तळीरामानेही हात टेकले असते.

सरकारला शिव्या देणे सोपे आहे, म्हणून तिथे फार रेंगाळत नाही. बाटली गावात फिरवतो कोण? निवडणुकीच्या आदल्या रात्री चपट्या वाटणारा कार्यकर्ता तेरवीला पांढऱ्या शर्टात पहिल्या रांगेत असतो. वरातीत पोरांना पाजल्याशिवाय नाच रंगत नाही असे मानणारा नवरदेवाचा मामा आपलाच असतो. गावातली हातभट्टी कुठे आहे हे शाळकरी पोराला माहीत असते. बीट जमादाराला तेवढी माहीत नसते. दारूचे दुकान बंद करायला बायकांनी मतदान करावे अशी तरतूद आहे, ‘आडवी बाटली’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. पण गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक मते पडली तरच दुकान उठते. म्हणजे मजुरीला गेलेली, ऊसतोडीला गेलेली, नवऱ्याने दाराला कडी लावून कोंडलेली बाई दुकानाच्या बाजूने मोजली जाते. आमदार निवडून यायला एवढी मते लागत नाहीत. तरीही बाटली आडवी केलेली गावे आहेत, आणि त्या बायकांपुढे मी मान लववतो. एवढे मात्र म्हणेन की परवान्याचे दुकान उठले म्हणजे मनातला अंधार उठला असे होत नाही. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि शेतकरी आत्महत्यांच्या सरकारी मदत योजनांत विदर्भातल्या सहा जिल्ह्यांच्या यादीत वाशीमबरोबर वर्धाही आहे.

आमच्या सुधारकी परंपरेलाही मी सोडणार नाही, कारण तिच्यातले जे घ्यायचे ते आपण टाकले आणि जे टाकायचे ते घेतले. गाडगेबाबा या मुलखाचे. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले आणि आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला भावाच्या आश्रयाला आली. कारंज्याहून ते फार लांब नाही. हाच डेबू मोठा झाल्यावर स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू-मटणाऐवजी गोडाचे जेवण घालतो. रूढी मोडली म्हणून लोक रुसले असतील तर रुसू दिले. बाबांनी इथे पिणाऱ्याला शिव्या दिल्या नाहीत. यजमान म्हणून आपल्या दारातला रिवाज बदलला, पाहुण्यांचा रोष स्वतःवर घेतला. पोहरादेवीला ज्यांच्या समाधीपुढे लाखोंचा बंजारा समाज माथा टेकवतो त्या सेवालाल महाराजांनीही नशेपासून दूर राहायला सांगितले होते. आपण काय उचलले? तर कीर्तनात दारुड्याची नक्कल. तो झुलत येतो, अडखळत बोलतो, मंडप हसतो. मंडपाच्या कडेला त्याच गावचा एक पिणारा बसलेला असतो, त्याची पोरगी बाजूला बसलेली असते. त्या हशानंतर तो दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन ‘मला सोडायची आहे’ म्हणेल, असे त्या बुवांना खरेच वाटते का? लाज वाटल्याने माणूस पिणे लपवतो, आणि जे लपवले जाते ते वाढते. याच परंपरेत तुळशीची माळ घालून सुटलेले पुष्कळ जण मी जाणतो. माळेने त्यांना रोज संध्याकाळी, नेमक्या पिण्याच्या वेळेला, टाळ धरायला चार सोबती दिले. डॉक्टर ज्याला उपचार म्हणतात त्यातला मोठा भाग हाच आहे.

उपचाराच्या नावाने चाललेला धंदाही एकदा उघड्यावर आणला पाहिजे. ‘दारू सोडवा, रुग्णाला न सांगता’ अशा जाहिराती भिंतींवर रंगवलेल्या असतात. त्या पुडीत काय आहे, देणाऱ्या बायकोला माहीत नसते. दारू सोडण्यासाठी डॉक्टर डायसल्फिराम नावाची गोळी देतात, पण ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने. असले औषध भाजीत कालवून दिले आणि वर तो प्यायला तर रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. दुसरा अडाणीपणा म्हणजे रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून ‘तीन दिवसांत उतरेल’ म्हणणे. अशा माणसाची दारू एकाएकी तुटली तर झटके येतात, भ्रम होतो, वेळेवर उपचार नसेल तर तो दगावतो. त्याला त्या दिवसांत दवाखाना लागतो. आणि शपथा! ३१ मे आला की तंबाखूची शपथ, २६ जून आला की नशामुक्तीची फेरी. शाळेच्या पोरांना उन्हात फिरवून बापांची व्यसने सुटत असती तर महाराष्ट्र केव्हाच सुटला असता.

मग काय करायचे, हे कुणाला ठाऊक नाही अशातला भाग नाही. पुण्यात डॉ. सुनंदा (अनिता) अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ उभे केले, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंची मदत त्यामागे होती. व्यसनी माणूस वाईट नसून आजारी आहे, त्याच्यावर आवाज न चढवता त्याला बरे करता येते, हे त्यांनी मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे ठेवले. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच साध्या माणसांना शिकवून सरकारी आरोग्य केंद्रांत बसवले. जास्त पिणाऱ्या पुरुषांशी त्यांनी एक ते चार वेळा बसून बोलायचे, एवढेच काम. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला: तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर होते, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. हा चमत्कार नव्हे. शंभरांत दहा घरे. आपल्या तालुक्यातली तेवढी घरे डोळ्यांपुढे आणून पाहा.

आणि हे गोव्याचेच आहे असेही नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यात, ३० गावांत, ‘विश्राम’ हा उपक्रम चालला. त्यातही गावातल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन मनाच्या आजाराविषयी बोलायचे, प्राथमिक समुपदेशन करायचे, गरज असेल त्याला डॉक्टरकडे पोहोचवायचे. सुरुवातीला नैराश्याने ग्रासलेल्या शंभरांतले जेमतेम चार जण कुणाकडे तरी मदतीला जात होते. दीड वर्षाने सत्तावीस जाऊ लागले. आत्महत्येचे विचार मनात आलेल्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. तीच वऱ्हाडी माणसे, तोच कापूस, तेच सोयाबीन, तेच कर्ज. एवढेच की कुणीतरी विचारायला गेले.

सरकारनेही २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ काढला. वाशीम त्यात आहे. आशा कार्यकर्तीने घरी जायचे, प्रश्न विचारायचे, खचलेला माणूस दिसला तर कळवायचे. वाशीममध्ये आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. १४४१६ या ‘टेलिमानस’च्या क्रमांकावर रात्री-बेरात्री फुकट, मराठीत बोलता येते. म्हणजे ‘सोयच नाही’ हे रडगाणे आता पुरते खरे राहिलेले नाही. खरे राहिलेले हे आहे: २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूच्या विकारात अडकलेल्या शंभरातल्या ८६ जणांना कसलाही उपचार मिळत नव्हता, आणि नैराश्याच्या रुग्णांपैकी ८५ जणांची तीच गत होती. हे काम जिच्यावर सोपवले ती आशाताई मानधनासाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये संपावर बसली होती. गावाचे मन सांभाळायचे काम आपण राज्यातल्या सर्वांत कमी मोबदल्याच्या बाईला दिले, आणि तेही इतर सगळी कामे उरकल्यावर करायचे म्हणून.

माझी पहिली मागणी पैशांची नाही, कागदाची आहे. चौकशीच्या अर्जात ‘व्यसन होते काय?’ असे विचारायचेच असेल तर त्याखाली आणखी ओळी घाला. पिणे कोणत्या वर्षी वाढले? त्या वर्षी शेतात, घरात, बँकेत काय घडले? तो झोपत होता का, जेवत होता का, माणसांत येत होता का? आशाताईने त्याला प्रश्न विचारले होते का, तो कागद कुठे आहे? त्याने कोणत्या डॉक्टरला दाखवले आणि त्या डॉक्टरने दारूविषयी काही विचारले का? गावात दारू कुठून येत होती, परवान्याची की हातभट्टीची, आणि हे कुणाला माहीत होते? या ओळी भरल्याशिवाय समितीने व्यसनाच्या नावाखाली कुणाला अपात्र ठरवू नये. व्यसन आणि मनाचा आजार एकमेकांना धरून येतात हे कबूल केले, तर व्यसन हे अपात्रतेचे कारण म्हणून टिकतच नाही. हे शासन निर्णयात लिहायला एक परिच्छेद पुरतो.

तोवर वाशीममधल्या सहा तालुक्यांत ज्या घरांवर हा शिक्का आधीच बसला आहे, त्यांची यादी जिल्ह्याच्या कचेरीत तयार आहे. त्या घरांतल्या बाईचे काय चालले आहे, ती जेवते का, झोपते का, मोठ्या पोराच्या खिशात पुडी दिसू लागली आहे का, हे विचारायला आशाताईला उद्या सकाळी जाता येईल. त्याला समितीचा ठराव लागत नाही.